फुलांचं आलं: नाशिकच्या हवेत सोनटक्का, कर्क्युमा आणि त्यांची भावंडं

आल्याच्या कुळातली फुलझाडं कोकणातच होतात, नाशिकच्या कोरड्या हवेत नाहीत, असं नर्सरीत गेलं की ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. या कुळात दीड हजारांहून जास्त जाती आहेत. त्यातल्या काही बारमाही दमट जंगलातल्या आहेत, त्यांना खरोखरच आपली हवा मानवत नाही. पण कितीतरी जाती अशा मुलखातून आल्या आहेत जिथे चार महिने पाऊस कोसळतो आणि पुढे सहा-सात महिने आभाळ कोरडं असतं. पाऊस संपला की त्या पानं टाकून जमिनीखाली कंदाच्या रूपात पडून राहतात. इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरात उगवणारी रानहळद हेच करते. तेव्हा नाशिककराने पहिला प्रश्न ‘हे झाड किती सुंदर दिसतं’ हा न विचारता ‘हे झाड झोपतं का’ हा विचारावा. जे झोपतं ते इथे लावावं, आणि झोपलेलं असताना त्याला पाणी घालू नये. निम्मी झाडं मरतात ती थंडीने किंवा उन्हाने नाही, तर नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये मायेने घातलेल्या पाण्याने.

झाड निवडणं

सवयीप्रमाणे यांचे तीन गट पडतात.

पहिला गट पूर्ण झोपणाऱ्यांचा. त्यात कर्क्युमा, म्हणजे ज्याला दुकानदार ‘ट्युलिप’ म्हणून विकतात ती सयाम ट्युलिप, येते. ट्युलिपशी तिचा काडीचा संबंध नाही, ती हळदीची थायलंडकडची बहीण आहे. गुलाबी, कमळाच्या पाकळ्यांसारखं जे दिसतं ती खरं तर फुलाखालची रंगीत पानं असतात. खरं फूल त्यांच्या आड लहानसं, जांभळट असतं. रंगीत पानं असल्यामुळे ती टिकतात, कापून पाण्यात ठेवली तर आठवडाभर सहज. याच गटात भुईचाफा आहे. उन्हाळ्यात पानांचा पत्ता नसताना थेट जमिनीतून त्याची पांढरी-जांभळी सुगंधी फुलं वर येतात. मग पानं येतात, आणि तीही वरून रुपेरी नक्षीची, खालून जांभळी. सावलीच्या कोपऱ्यासाठी ग्लोबा आहे. तिचे नाजूक तुरे झुलत असतात. आणि शाम्पू जिंजर: तिचा कणसासारखा तुरा आधी हिरवा असतो, मग लाल होतो, आणि दाबला की बुळबुळीत सुगंधी पाणी सुटतं. हवाई बेटांवर ते केसांना लावत आले आहेत.

दुसरा गट डुलकी घेणाऱ्यांचा. सोनटक्का यातला. थंडीत त्याची पानं फाटकी, पिवळी होतात, पण पाणी मिळत राहिलं तर तो पुरता नाहीसा होत नाही. पेवही इथेच घेऊ. वनस्पतिशास्त्राने त्याला आता वेगळ्या कुळात टाकलंय. त्याची पानं खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढतात, आल्याची तशी चढत नाहीत. लावायची रीत मात्र तीच. पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटात लाल बोंडावर कुरकुरीत कागदी पांढरी फुलं दिसतात ना, तो पेव.

तिसरा गट सदाजागा. शेल जिंजर, लाल जिंजर, टॉर्च जिंजर. यातली पिवळ्या पट्ट्यांच्या पानांची शेल जिंजर नाशिकमध्ये सावलीत बरी चालते आणि पानांसाठीच लावावी. लाल जिंजर आणि टॉर्च जिंजर मात्र नवख्याने घेऊ नये. पारा दहा अंशांच्या खाली गेला की टॉर्च जिंजरचं अंग करपतं, मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात उरलेलं सुकतं, आणि जमलंच तर ती दोन माणसांच्या उंचीची होते. बाल्कनीत तिचं काय करणार? ती कोकणातल्या नातेवाइकाच्या परसात लावावी आणि तिथे जाऊन पाहावी.

पहिल्या वर्षी माझी शिफारस अशी: एक सोनटक्का, एका कुंडीत तीन कर्क्युमा, आणि एक साधी हळद. हो, स्वयंपाकातली. हळदीचा फुलोरा पांढरट-गुलाबी, देखणा असतो आणि लोक तिच्याकडे फुलझाड म्हणून बघतच नाहीत. शिवाय नागपंचमीला पातोळ्यांना पानं घरची. फक्त किराणा दुकानातलं हळकुंड लावू नका. ते उकडून वाळवलेलं असतं, उगवणार नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत लोणच्यासाठी बाजारात ओली हळद येते, तिच्यातली डोळे फुगलेली चार बोटं बाजूला काढून कोरड्या वाळूत ठेवायची आणि मे महिन्यात लावायची.

जागा

गुलशनाबाद हे नाव कधीकाळी मिरवलेल्या या गावात फुलझाड म्हटलं की गुलाब, आणि गुलाब म्हटलं की भर उन्हाची जागा. ती सवय इथे नडते. या झाडांना सकाळचं ऊन साडेदहा-अकरापर्यंत मिळालं की पुरे. पूर्वेची बाल्कनी उत्तम. पश्चिमेची असेल तर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधल्याशिवाय सुरुवातच करू नका. गच्चीवर तर उन्हाइतकाच वाऱ्याचा त्रास. सोनटक्क्याचे दांडे कमरेच्या वर जातात आणि जुलैच्या वाऱ्यात आडवे होतात, म्हणून कठड्याच्या आडोशाला किंवा भिंतीच्या कोपऱ्यात कुंडी ठेवा.

बंगल्याच्या आवारात जागा असेल तर आंब्याच्या किंवा चिकूच्या विरळ सावलीखालची जागा चांगली. दाट सावलीत पानं भरपूर येतात, फुलं येत नाहीत. भुईचाफा आणि ग्लोबा यांना अपवाद समजा, ते सावलीतही फुलतात.

माती

इथे जरा थांबावं लागेल, कारण नाशिकची काळी माती हाच या झाडांचा खरा शत्रू आहे. ती पावसात फुगते आणि पाणी धरून बसते, उन्हाळ्यात भेगाळते आणि मुळं तोडते. जाड मांसल कंद दोन्हीत खराब होतो. जमिनीत लावायचं असेल तर सपाट जागेत खड्डा खणून लावू नका. वीतभर उंच गादीवाफा करा. त्यात काळी माती एक भाग, पोयट्याची किंवा लाल माती एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग, आणि भाताचं तूस निम्मा भाग. तूस इगतपुरी-घोटीकडच्या भात गिरणीत मिळतं आणि काळ्या मातीला मोकळं ठेवायला त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

कुंडीसाठी: लाल माती दोन भाग, गांडूळखत किंवा शेणखत एक भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग, जाड वाळू अर्धा भाग, वर मूठभर निंबोळी पेंड. शेणखत पुरतं कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर वास येत असेल तर ते अजून झालेलं नाही. कुंडी खोलीपेक्षा रुंदीला मोठी घ्या, कारण कंद खाली न जाता बाजूला पसरतो. कर्क्युमाला १० इंची पुरते, सोनटक्क्याला १६ इंचीच्या खाली जाऊ नका. तळाची भोकं बोट जाईल एवढी असावीत.

चुन्याचं प्रमाण हा दुसरा मुद्दा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मातीत चुनखडी असते आणि बोअरचं पाणी जड. काही महिन्यांनी कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक नत्र कमी पडलं समजून युरिया टाकतात. कमी पडलेलं असतं लोह. द्राक्षबागाईतदारांच्या कृपेने कोणत्याही कृषी सेवा केंद्रात चिलेटेड फेरस मिळतं. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम घेऊन पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. आणि जमेल तेव्हा पावसाचं पाणी साठवून तेच घाला.

कंद विकत घेताना

दोन वेळा असतात. जुलै-ऑगस्टमध्ये नर्सरीत फुललेली कुंडी मिळते, ती महाग पडते पण रंग डोळ्यांनी बघून घेता येतो. मार्च ते मे या काळात सुके कंद मिळतात, ते स्वस्त. नवख्याने कर्क्युमाची पहिली कुंडी फुललेलीच घ्यावी, पुढच्या वर्षीपासून तिचेच कंद होतात.

सुका कंद हातात घेऊन दाबून पाहा. टणक हवा. पोचट, बुरशीचा किंवा आंबट वास येणारा परत करा. कर्क्युमाच्या कंदाला खाली दोऱ्यांवर लोंबणाऱ्या गोट्या असतात. त्यात साठवलेलं अन्न असतं. त्या तुटलेल्या असल्या तरी झाड उगवतं, पण हळू वाढतं आणि फूल उशिरा येतं. म्हणून पुडीत गोट्या शाबूत आहेत का, हे बघूनच पैसे द्या.

आणि एक विनंती. पावसाळ्यात त्र्यंबकच्या किंवा हरिहरच्या वाटेवर रानहळदीचे गुलाबी-जांभळे तुरे दिसले की खुरपं काढू नका. रानहळद फक्त भारताच्या द्वीपकल्पातच उगवते. शिवाय फुलावर असताना उपटलेला कंद घरी आणून सहसा जगतही नाही. फोटो काढा आणि पुढे व्हा.

लागवड

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, मृगापर्यंत कधीही. त्याआधी लावलेले कंद उगवतात, पण मे महिन्याच्या झळा कोवळ्या कोंबाला सोसत नाहीत. फार उशीर, म्हणजे जुलैच्या मध्यानंतर लावलं तर वाढीला वेळ कमी पडतो आणि त्या वर्षी फूल दिसत नाही.

मोठ्या कंदाचे तुकडे करायचे तर प्रत्येक तुकड्यावर निदान दोन-तीन डोळे ठेवा. धारदार, पुसलेली सुरी घ्या. कापलेल्या बाजूला राख किंवा ट्रायकोडर्माची (कूज रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची) भुकटी लावा आणि दोन दिवस सावलीत पसरून ठेवा, जखम सुकते. मग डोळे वर करून लावा. कर्क्युमा आणि हळद दोन इंच खोल. सोनटक्का त्याहून वर, जेमतेम मातीने झाकला जाईल इतकाच. तो खोल पुरला तर कुजतो. कर्क्युमात वीतभर अंतर, सोनटक्क्यात दीड-दोन फूट. आता मोकळं वाटेल, पण दुसऱ्या वर्षी ती जागा भरलेली असते.

लावल्यावर एकदाच पाणी द्या, नीट भिजेल असं. त्यानंतर कोंब दिसेपर्यंत माती फक्त ओलसर ठेवायची, चिखल नको. कोंब यायला तीन आठवडे लागतात, कधी सहाही. कर्क्युमा फार वेळ लावते. रोज उकरून बघण्याचा मोह टाळा, उकरताना डोळा मोडतो.

पावसाळा

ही त्यांची खरी वेळ. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इगतपुरीला ३,००० मिलिमीटरच्या पुढे. त्यामुळे सल्लाही गावाप्रमाणे बदलतो. इगतपुरी-त्र्यंबककडे राहत असाल तर निचरा सोडून दुसरी काळजी करू नका. शहरात आणि सिन्नर-निफाडकडे पावसात दोन-दोन आठवड्यांची उघडीप पडते, तेव्हा पाणी हाताने द्यावं लागतं. बाहेर आभाळ आलंय म्हणून कुंडी भिजली असेल असं धरून चालू नका, विशेषतः वर छज्जा असेल तर. बोट मातीत खुपसून पाहा.

खत थोडं आणि वरचेवर. पानं पुरती उघडली की दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला दोन ग्रॅम, किंवा रासायनिक नको असेल तर महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत. नुसत्या नत्राने हिरवागार झुडुपा होतो आणि फुलाचं नाव नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला मातीवर पालापाचोळ्याचा थर द्या, पण खोडापासून चार बोटं दूर.

कर्क्युमा जुलैत फुलू लागते. पेव जुलै-ऑगस्टमध्ये. सोनटक्का गौरी-गणपतीच्या सुमारास सुरू होतो आणि दसऱ्यापर्यंत, कधी कोजागिरीपर्यंत चालतो. त्याची कळी संध्याकाळी उमलते आणि वास रात्री भरात येतो, म्हणून कुंडी जिथे संध्याकाळी बसता तिथे ठेवा, गेटपाशी नको. फूल दुसऱ्या दिवशी पिवळटतं आणि मावळतं, पण एकाच दांड्यावर पाठोपाठ नवीन फुलं येत राहतात. जाता जाता, क्युबाचं राष्ट्रीय फूल हेच आहे, आणि ब्राझीलमध्ये ओढ्याकाठी ते तण म्हणून उपटतात. आपल्याकडे तशी भीती नाही, पण वाहत्या नाल्याच्या काठावर लावून सोडूनही देऊ नका.

सोनटक्क्याचा एक दांडा आयुष्यात एकदाच फुलतो. तुरा संपला की तो बुंध्यापासून कापून टाका, जागा आणि जोर नव्या कोंबाला मिळतो. शेल जिंजरचं उलट आहे. तिला गेल्या वर्षीच्या दांड्यावर फूल येतं. दर हिवाळ्यात ती ‘साफ’ करणाऱ्या माळ्याला हे आधीच सांगून ठेवा.

ऑक्टोबर हीटमध्ये दुर्लक्ष करू नका. पाऊस गेलेला असतो, ऊन तापलेलं असतं आणि सोनटक्का ऐन फुलात. या तीन-चार आठवड्यांत त्याला पावसाळ्यापेक्षा जास्त पाणी लागतं. ही द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालू असण्याची वेळ, तेव्हा शेजारी बागाईतदार असेल तर ठिबकचं गणित त्याच्याशी बोलून घ्या.

थंडी: पाणी तोडण्याची वेळ

दिवाळीनंतर कर्क्युमा आणि हळदीची पानं पिवळी पडू लागतात. इथेच घाबरून लोक पाणी आणि खत वाढवतात. करायचं उलटं. पिवळेपणा दिसला की खत बंद, पाणी निम्म्यावर. पानं निम्मी सुकली की पाणी बंद. पुरती वाळली की जमिनीलगत कापा. आता कुंडीत फक्त माती दिसते. तिच्यावर नावाची चिठ्ठी टोचा, नाहीतर जानेवारीत घरातलं कुणीतरी ती रिकामी कुंडी समजून त्यात मेथी पेरेल.

कुंडी जिन्याखाली किंवा कोरड्या बाल्कनीच्या कोपऱ्यात सरकवा. चार-पाच महिने तिथे राहू दे. माती अगदी धुळीसारखी झाली तर महिन्यातून एकदा पेलाभर पाणी शिंपडा, त्याहून जास्त नाही. जागा नसेल तर कंद काढा, माती झटका, धुऊ नका, आणि कोरड्या वाळूत किंवा लाकडाच्या भुश्यात कागदी खोक्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कंद घाम येऊन सडतो. फ्रीजमध्ये तर अजिबात नको.

सोनटक्का आणि पेव यांचं पाणी तोडायचं नाही, आठवड्यातून एकदावर आणायचं. फाटकी पानं तशीच राहू द्या, संक्रांतीनंतर काढा. नाशिक शहरात जमिनीतला कंद थंडीने मरत नाही. निफाडकडे मात्र काही वर्षी पारा चार-पाच अंशांच्याही खाली उतरतो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. तिथे वाफ्यावर भाताच्या पेंढ्याचा जाड थर घाला आणि शेल जिंजरची कुंडी रात्री आत घ्या.

उन्हाळा

झोपलेल्यांना काही करायचं नाही. भुईचाफ्याकडे तेवढं लक्ष ठेवा. एप्रिल-मेमध्ये माती फोडून टोक वर आलं की पाणी हळूहळू सुरू करा.

जाग्या झाडांना मार्च ते मे हा काळ जड जातो. पानांची टोकं करपतात. ती कात्रीने कापायची असतील तर कापा, पण त्याने झाडाला काही फरक पडत नाही. फरक पडतो कुंड्या एकत्र, एकमेकींना खेटून ठेवल्याने आणि सकाळी लवकर पाणी दिल्याने. पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके दिसले तर तो लाल कोळी. साध्या पाण्याची जोरदार फवारणी पानांच्या पोटाकडून तीन-चार दिवस सलग केली तर बहुतेक वेळा औषध लागत नाही.

रोग आणि किडी

हळद आणि आल्यावर जे येतं तेच यांच्यावर येतं. म्हणून जिथे आधी आलं सडलं होतं त्या वाफ्यात यांना लावू नका.

कंदकूज सर्वांत वाईट. पानं कडेने पिवळी, खोड ओढलं की हातात येतं, बुडाला घाण वास. तो कंद मातीसकट काढून फेका, कंपोस्टमध्ये टाकू नका. आजूबाजूच्या झाडांना कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम घेऊन मुळाशी ओता. निचरा सुधारला नाही तर औषधाचा उपयोग नाही.

पोंगा वाळलेला आणि खोडाला भुसा बाहेर पडणारं भोक दिसलं तर आत अळी आहे. तो दांडा खालून कापून नष्ट करा. कंदमाशी उघड्या पडलेल्या कंदाजवळ अंडी घालते, म्हणून पावसाने माती वाहून कंद डोकावू लागला की लगेच भर द्या. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. कुंडीवर मीठ शिंपडू नका.

वेगळं करणं

दोन-तीन वर्षांनी कुंडी फुटायला येते, मधला भाग म्हातारा होतो आणि फुलं कडेलाच दिसतात. तेव्हा मे महिन्यात पुंजका काढा, मधला जुनाट भाग टाकून द्या आणि कडेचे टणक, डोळे असलेले तुकडे नव्या मातीत लावा. उरलेले वाटताना प्रत्येक पुडीवर नाव आणि ते पूर्ण झोपणारं आहे की डुलकी घेणारं, एवढं लिहून द्या. सोनटक्का घेऊन जाणाऱ्याला मोठी कुंडी आधी आणायला सांगा.